कोपरापर्यंत धावलेला उंदीर

घणसोली गाव, नवी मुंबई
रविवार, रात्री

ती. स्व. आत्यास,


आत्या, रुमालाचा उंदीर उडाला! तळहातावरून नुसता घरंगळला असं नाही, चांगला मनगट ओलांडून कोपरापर्यंत धावला. काल संध्याकाळी गल्लीतली लाईट गेली, पोरं जिन्यात जमली, आणि मोबाईलच्या उजेडात तो असा सुसाट सुटला की तळमजल्यावरची चिमुरडी किंचाळून आईच्या कमरेला बिलगली. मी स्वतःसुद्धा दचकले. तुला लगेच फोन करणार होते. पण फोनवर तू "बरं झालं हो" म्हणशील आणि बोलणं पाणी आलं का, गुडघा कसा आहे, इकडे वळेल. मला याच्याबद्दल सविस्तर सांगायचंय, म्हणून पत्र.

दिवाळीला तू येऊन गेलीस त्याला आता आठ महिने झाले. त्याआधी वर्षभर मी मोबाईलवर व्हिडिओ बघून नाद करत होते, हे तुला माहीत आहे. घडी जमली होती, कान-शेपूट सगळं होत होतं, उडी तेवढी होत नव्हती. का होत नव्हती ते मला आता उमगलंय. ही गंमत बघणाऱ्यापासून लपावी म्हणूनच रचलेली आहे. समोरून दिसतो तो वरचा हात, उंदराला कुरवाळणारा. खरं काम करतात ती बोटं खाली, उंदराच्या बुडाशी. वाईला ओट्यावर कंदिलाच्या उजेडात तू आम्हा सगळ्या पोरांना समोर बसवायचीस. प्रत्येक मे महिन्यात मी समोर बसून डोळे फाडून बघत आले आणि काहीच शिकले नाही. दिवाळीत तू मला पहिल्यांदा शेजारी घेतलंस. तुझा तळहात माझ्या तळहाताखाली धरलास आणि तुझ्या मधल्या बोटाने माझ्या मधल्या बोटाला खालून ढोसलंस. दोनदाच. ते ढोसणं माझ्या बोटाने लक्षात ठेवलं. बाकी सगळं डोकं विसरलं तरी बोट विसरलं नाही.

घडीचं मात्र मी तुला सांगते, कारण कापड हा माझा रोजचा धंदा. चौकोनी रुमाल तिरपा दुमडला की त्रिकोण होतो. दोन टोकं मध्यावर आणायची, दुमडीच्या बाजूने गुंडाळत अर्ध्याच्या वर न्यायचं, पालथं घालून दोन्ही कडा मागे घ्यायच्या, उरलेलं टोक खाचेत खोचायचं, आणि मग मोजा उलटा करावा तसं बाहेरचं आत, आतलं बाहेर करत राहायचं. दोन टोकं सुटून बाहेर येतात. एक शेपूट, दुसरं पसरून त्याला गाठ मारली की कान. हे तू शेकडो वेळा केलंयस. पण पहिली दुमड तिरपी का, याचा तू कधी विचार केला होतास का? कापड उभ्या-आडव्या धाग्यात ताणत नाही, उरेबात, म्हणजे तिरप्यात, ताणतं. म्हणून तर ब्लाऊजच्या गळ्याला आम्ही उरेब पट्टी लावतो, ती गोलाईवर बसते. उंदराची गुंडाळीही अशीच उरेबातली. ती ताणते आणि परत आवळते, त्यामुळे इतक्या वेळा उलटीपालटी करूनही सुटत नाही. टेरिकॉटचा रुमाल घेतला की उंदीर पाच मिनिटांत पोट सोडतो. जुना, पंचवीस धुण्यांचा सुती रुमाल हवा. हे कळलं त्या दिवशी मी मशीन बंद करून चहा केला आणि खिडकीत बसून एकटीच प्याले, इतकं बरं वाटलं.

आता उडीचं. उंदीर तळहातावर निजवायचा, तोंड कोपराकडे. मधलं बोट वाकवून त्याच्या बुडाला टेकवायचं. वरच्या हाताने डोक्यापासून शेपटीपर्यंत कुरवाळत राहायचं, त्या हाताआड बोटाची हालचाल झाकते. मी सहा महिने बोट जोरात उडवत होते, आणि जोर केला की उंदीर वर उसळून खाली पडायचा. जोर लागतच नाही. टिचकी लागते, तीही कुरवाळणारा हात डोक्याकडे परत जात असताना. दोन हातांचं वेगवेगळं चालू असतं आणि डोळे उंदरावर ठेवायचे, बोटावर नाहीत. आपण त्याच्याकडे बघितलं तरच समोरचेही त्याच्याकडे बघतात. तू कुरवाळताना त्याच्याशी बोलायचीस ना, "भूक लागली का रे?" म्हणून? तेव्हा मला ते लाडाचं वाटायचं. आता कळलं, बोलता बोलता बोट सैल राहतं.

आमच्या घरमालकीणबाईंच्या सासूबाई तुला आठवत असतील, दारात खाटेवर बसलेल्या असतात त्या. तू त्यांच्याशी दिवाळीत तासभर बोलली होतीस. मी या गल्लीत नऊ वर्षं भाड्याने राहते, आणि त्यांचं-माझं बोलणं "पाणी आलं गो?" एवढंच होतं. एके दुपारी मी पायरीवर बसून सराव करत होते. त्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ही त निवटी हाय!" आणि हात पुढे केला, "मना पन दाखव गो."

निवटी तू पाहिलेली नाहीस. खाडीच्या चिखलात राहणारा मासा, डोळे डोक्यावर, चिखलावरून चालतो आणि शेपूट आवळून टुणकन उडी मारतो. इथं शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, आली १९७० साली, आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. या सासूबाई, मी त्यांना आजी म्हणते, तेव्हा तरण्या होत्या. त्याआधी इथं भातशेती आणि खाडी, यावर घरं चालायची. ओहोटीला त्या तिवरांच्या कडेने चिखलात उतरायच्या, बिळात हात घालून निवट्या धरायच्या. बुळबुळीत अंग, हातातून निसटायच्या आधी शेपटीत एक आवळ येतो म्हणे, तो ओळखला तरच निवटी हाती लागते. हे सांगत सांगत त्यांनी माझा रुमाल घेतला, आणि आत्या, चौथ्या खेपेला त्यांचा उंदीर उडाला! मला आठ महिने लागले ते त्यांना चौथ्या खेपेला जमलं. त्यांचं बोट ती टिचकी पन्नास वर्षांपूर्वीच शिकलेलं होतं. तोंडाला पदर लावून त्या किती वेळ हसत होत्या. आता रोज दुपारी मी मशीनवरून उठले की त्यांच्या खाटेवर जाऊन बसते. निवट्यांचं कालवण कसं करतात, मिठागरावर पायाला भेगा कशा पडायच्या, शेत कुठवर होतं, सगळं ऐकते. आज जिथं इमारती आहेत तिथं बोट दाखवून त्या बांध सांगतात.

मंगळवारी मी अस्तर, हुक, लेस आणायला ठाण्याला जांभळी नाक्यावर जाते. गाडीत लेडीज डब्यात क्लिपा विकणारी एक मुलगी असते. मागच्या महिन्यात जागा मिळाली, रबाळे गेलं, आणि मी सवयीने रुमाल काढला. ती पाटी मांडीवर घेऊन सरळ माझ्या शेजारी टेकली. शेजारी, समोर नाही, हे मला फार आवडलं. ऐरोलीला तिला डबा बदलायचा होता, तोवर गुंडाळी झाली होती, उलटापालट राहिली. मी तिला अर्धा झालेला उंदीर तसाच रुमालासकट दिला. पुढच्या मंगळवारी ती पूर्ण उंदीर घेऊन आली, आणि कानांना गाठीऐवजी तिने पाटीवरची छोटी लाल क्लिप लावली होती! कान कसे ताठ उभे! रुमाल तिने धुऊन आणला होता. क्लिपेचे पैसे घेतले नाहीत.

माझ्या लेकीने या उंदराबद्दल एक शोध लावलाय. तिला कॉलेजात इंग्रजी आहे. ॲलिसची गोष्ट लिहिणारा लुईस कॅरोल, खरं नाव चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. त्याचं ते पुस्तक १८६५ सालचं. त्या पुस्तकाच्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिला सापडलं की हा माणूस मुलांना रुमालाचा उंदीर करून दाखवायचा आणि तो त्याच्या हातातून अचानक उडी मारायचा. कागदाच्या होड्याही शिकवायचा. तिने वाचून दाखवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मग तू आठवलीस. तू पुण्यात शिकायला असताना जादूगार रघुवीर यांचा प्रयोग पाहिलास आणि महिनाभर तेच बोलायचीस, असं बाबा सांगायचे. रघुवीरांच्या घरी तो वारसा मुलाकडे, मग नातवाकडे गेला. आपल्या घरी उंदीर आला तो मात्र तुला कोणी शिकवला, हे मी कधी विचारलंच नाही. शिकवणारं कुणीतरी तुझ्याही शेजारी बसलं असणार. कळव.

धाकट्या जाऊबाई परवा आल्या होत्या. म्हणाल्या, "याचा उपयोग काय पण?" मी दिवसभर जे करते त्या सगळ्याला दर आहे. पिकोला दर, फॉलला दर, अस्तराच्या ब्लाऊजला वेगळा. रात्री हिशेबाची वही मिटली की मी रुमाल घेते, आणि त्या अर्ध्या तासाला दर नाही. मला ते फार मोलाचं वाटतं, आत्या, आणि मी त्यांना तसंच सांगितलं. शेवटी दोन टोकं धरून खेचलं की उंदीर जातो आणि रुमाल उरतो, तो धुण्यात टाकायचा. जाऊबाई गप्प बसल्या. मग जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "मला ती पहिली घडी दाखव."

अजून एक. तळमजल्यावरच्या पोराला मी कोयीची पिपाणी करून दिली. या दिवसांत उकिरड्याच्या कडेला आंब्याच्या कोयी फुटतात, तांबूस कोंब येतो, तशी एक उपटली. वरचं कवच काढून आतला गर दगडावर घासला, चीर पडेपर्यंत. तुझ्या हातच्या पिपाणीसारखा सूर आला नाही, जरा घोगरा आला. तरी पोराने दोन दिवस गल्ली डोक्यावर घेतली. कुणी रागावलं नाही. बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचंही शिकते आहे, आजी म्हणतात गोकुळाष्टमीपर्यंत आली पाहिजे. अजून नुसती हवा जाते.

गोकुळाष्टमीला तू येच. गावात मोठा उत्सव असतो, आजींनी तुला मुद्दाम निरोप दिलाय. वाईहून एसटीने वाशीला उतर, तिथून ठाण्याची गाडी घे, चौथं स्टेशन घणसोली. मी स्टेशनवर असेन. गुडघ्याला जिना चढवत नसेल तर आपण आजींच्या खाटेवर बसू. येताना आजोबांच्या ट्रंकेतले जाड सुती रुमाल आण, असतील तेवढे. इथं गल्लीत आता आठ जणांना हवेत.

आणि कानांचं राहिलंच. क्लिपेने ताठ राहतात, पण तुझ्या उंदराचे कान क्लिपेशिवाय उभे राहायचे, आणि मी गाठ मारली की माझे लगेच पडतात. गाठ डावीकडून घेतेस की उजवीकडून? लिहून पाठवू नकोस, मला लिहिलेलं कळणार नाही. तू आलीस की तुझ्या उजव्या हाताला बसेन.

तुझी
धाकटी भाची