डिंगोऱ्यात पाहण्यासारखे काय आहे?



पावसाळा लागला की कल्याण-नगर महामार्गावर माळशेजच्या धबधब्यांकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. वाटेत आपले डिंगोरे. मंडळी चहापुरती थांबतात आणि पुढे जातात. गावच्या पोरांनाही वाटते, फोटो काढावा तो घाटातच. आपल्या गावात काय आहे?

पुष्कळ आहे, पण रोजचे म्हणून नजरेत भरत नाही. हिवाळ्यात एक करून पाहा. बांधावरची एक जागा ठरवा. दिवस उजाडताना, भर दुपारी आणि मावळतीला तिथूनच फोटो घ्या. दुपारी ऊन डोक्यावर असते, रान सपाट दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात तेच वाफे, तीच कांद्याची पात, पातीवरचे दव उठून दिसते. खाली बसून काढा, पात डोंगराला टेकलेली दिसेल. बराखीच्या फटींतून येणारे कवडसे, कांदा निवडणाऱ्या आजीचे हात हेही पाहा.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. चित्रपटाला भांडवल मिळावे म्हणून त्यांनी काय दाखवले? कुंडीत पेरलेला वाटाणा! रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुराचे रोप कसे होते ते त्यांनी पडद्यावर दाखवले. भांडवल उभे राहिले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

तुमच्या खिशातला मोबाइलही हे काम करील. दर आठवड्याला त्याच जागेवरून पिकाचा फोटो घ्या. हळूहळू होणारा बदल रोजच्या डोळ्याला कळत नाही; दोन फोटो शेजारी ठेवले की कळतो. पातीवर पांढुरके ठिपके दिसले तर पोंग्यातले फुलकिडे पाहा. लांबट जांभळे चट्टे करप्याचे असू शकतात. सल्ला विचारताना पानाचा जवळून, पूर्ण रोपाचा आणि वाफ्याचा असे तीन फोटो पाठवा. काच आधी पुसा.

आपल्या घरांत लग्नाचे फोटो भरपूर असतात. मोट गेली, खळ्यावरची मळणी गेली. त्यांचे फोटो किती घरांत आहेत? आज जे रोजचे वाटते, त्याचा फोटो आजच काढून ठेवा, मागे तारीख आणि नाव लिहा.