चाकांवरची मोरी

मराठीत 'वास' म्हणजे गंध आणि 'वास' म्हणजे राहणेही. कोशकार या दोन शब्दांचे धातू निरनिराळे मानतात आणि त्यांचे बरोबरच असणार. पण बोलणाऱ्याच्या मनात कोश उघडा नसतो. जिथे माणसाचा वास तिथे माणसाचा वास येणारच, हे त्याला व्युत्पत्तीवाचून कळते. 'घाण' या शब्दाचा प्रवास तर याहून बोलका आहे. मुळात संस्कृत 'घ्राण', म्हणजे नाक किंवा हुंगणे. त्यात बरेवाईट काही नव्हते. मराठीत येईपर्यंत त्याच्या वाट्याला फक्त दुर्गंध उरला. मग ज्या वस्तूला तो येतो ती वस्तूच घाण झाली. आणि 'घाणेरडा' हे विशेषण तर थेट माणसाला जाऊन चिकटले. वस्तूवरून माणसाकडे हा शब्द कोणत्या वाटेने सरकला हे सांगायला नुसते भाषाशास्त्र पुरायचे नाही. त्याकडे पुढे येऊच.

या शब्दविचाराचे निमित्त एका गाडीचे आहे. वर्धा शहराला चिकटून वाढलेल्या काही गावांच्या नावापुढे 'मेघे' लागते: सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे आणि आम्ही राहतो ती पिपरी मेघे. नावात मेघ असला तरी मे महिन्यात आकाशात त्याचा मागमूस नसतो आणि पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. अशा दिवसांत आमच्या नागपूरच्या भाच्याने आपली 'कॅराव्हॅन' आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली आणून लावली. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात त्याने दोन पलंग, ओटा, भांडी घासायचे बेसिन, उभ्याने अंघोळ करता येईल एवढी न्हाणी आणि खाली साठ लिटरची सांडपाण्याची टाकी बसवून घेतली होती. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात होते. चिखलदऱ्याची एक फेरी झाली, गाडी आली, दोन आठवडे बंद राहिली. मग एका दुपारी त्याने दार उघडले आणि उघडलेल्या हाताने लगेच लावून घेतले.

संशय प्रथम संडासावर गेला. तो सुटा निघणारा, पेटीसारखा; त्याने तो परत येतानाच रिकामा करून धुतला होता आणि त्याला औषधाखेरीज कशाचाही वास नव्हता. वास येत होता तो बेसिनच्या आणि न्हाणीच्या भोकांतून. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणत नाही अशा पाण्यातून: वरणाच्या वाट्या विसळलेले, तांदूळ धुतलेले, साबण लावून हात धुतलेले पाणी. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त गंध हा एकट्या पृथ्वीचा गुण मानला आहे. पाण्याला स्वतःचा गंध नाही, जाणवतो तो त्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा. महाविद्यालयात हा भाग घोकताना त्याचा उपयोग कधी होईल असे वाटले नव्हते. पण त्या टाकीत नेमके तेच घडले होते. तेल, डाळ, भाताची पेज हे सगळे भिंतींना चिकटून बसले, आत हवा नाही, बाहेर मे महिना. अशा जागी जे सूक्ष्मजीव वाढतात ते प्राणवायूवाचून जगतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात.

भाच्याने अगरबत्त्या लावल्या, कापूर जाळला, डांबराच्या गोळ्या टाकल्या, फिनेल ओतले. परिणामी गाडीला देऊळ, कपाट आणि इस्पितळ यांचा एकत्र वास येऊ लागला आणि त्या तिघांच्या खालून मूळ वास आपल्या जागी होता. शेवटी नळाचे काम करणारा आमच्या गल्लीतला कारागीर आला. त्याने टॉर्च लावून भोकात पाहिले आणि म्हणाला, "काकाजी, ट्रॅप सुकला न जी. खालचा वास वर येणारच."

इथे एक विषयांतर करू द्यावे. घरातल्या मोरीच्या नळीला वाकवून जे बाक दिलेले असते त्यात थोडे पाणी कायम थांबून राहते आणि तेच खालच्या वायूला अडवते. लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये संडासाच्या नळीला असे वळण देण्याचे पेटंट घेतले. नळीला घातलेली एक मुरड आणि तिच्यात थांबलेले ओंजळभर पाणी: शहरी सभ्यता बरीचशी त्यावर उभी आहे. आपल्याकडे जमिनीवरच्या अशा ट्रॅपला अभियंते 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजीतल्या पाठ्यपुस्तकांतही हाच शब्द आहे. आमच्या न्हाणीने साहेबाच्या शास्त्रात मिळवलेली ही जागा मराठीच्या प्राध्यापकांना सहसा ठाऊक नसते. उलट बाहेरच्या 'गली ट्रॅप'ला कारागिरांनी 'गल्ली ट्रॅप' करून टाकले आणि तो गल्लीत असल्याने कोणाला खटकतही नाही.

घरातल्या ट्रॅपमध्ये साधारण पन्नास मिलिमीटर पाण्याचा पडदा असतो. गाडीत तेवढी उंची मिळत नाही. पडदा पातळ असतो. घाटात ब्रेक लागला की ते पाणी हिंदकळून निघून जाते आणि गाडी उन्हात उभी राहिली की उडून जाते. (उन्हाळ्यात कुलूप लावून गावाला गेलेल्यांच्या घरातही हेच होते. परतल्यावर 'घर बंद होतं म्हणून वास येतो' असे म्हणतात. वास बंद घराचा नसतो, सुकलेल्या मोरीचा असतो.) कारागिराने सुचवले ते असे: प्रवासात भोकांना रबरी बूच लावायचे, गाडी उभी ठेवताना ट्रॅपमध्ये पेलाभर पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडायचे, म्हणजे तेलाचा तवंग पाण्याला उडू देत नाही. पाण्याऐवजी रबरी पडद्याच्या झडपाही मिळतात, त्या हिंदकळण्याला दाद देत नाहीत. पण हा झाला दाराचा बंदोबस्त. आत जे बसले होते ते बाहेर काढणे उरलेच होते.

आणि इथे शेजारच्या एका सद्गृहस्थांनी, अगदी मदतीच्या भावनेने, सल्ला दिला: "त्यांच्यातला एखादा बोलवून घ्या. पाचशे रुपयांत करून देईल."

त्यांच्यातला म्हणजे कोणातला, हे त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. मराठीतले सर्वनाम इतके नेमके काम क्वचितच करते. टाकी आमच्या भाच्याची, वरण त्याने खाल्लेले, पण हात घालायचा तो त्यांच्यातल्याने. साठ लिटरच्या टाकीत माणूस उतरत नाही, हे खरे. पण तिच्यात साचतो तोच वायू सेप्टिक टँकमध्ये आणि गटाराच्या तळाशी साचतो. त्याची खोड अशी की प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, वास गेला असे वाटते आणि उतरलेला माणूस परत वर येत नाही. माणसाला असे उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही तशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहतात.

आणि सल्ला मिळाला तो कुठे, तर वर्ध्यात. इथून हाकेच्या अंतरावर, मगनवाडीत राहत असताना १९३५ मध्ये गांधी आणि त्यांचे सहकारी सिंदी गावात मैला उचलायला जात. १९४६ पासून विनोबा पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन सुरगावला याच कामासाठी नेमाने चालत जात. तिकडे कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांची कथा तर विलक्षण आहे. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही म्हणून तुरुंगाने नाकारले. त्यांनी अन्न कमी केले आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांच्यासाठी उपवास आरंभला. घाण काढू द्या म्हणून उपवास! या तिघांच्या पद्धतीत मातीला मोठे स्थान होते. मैल्यावर कोरडी माती टाकली की वास जातो आणि खत होते. गंध पृथ्वीचा, तो पृथ्वीकडे परत. नैयायिकांना हे आवडले असते.

तरी या परंपरेपुढे हात जोडून थांबणे आम्हांला जमत नाही. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात यावर घेतलेला आक्षेप आजही उत्तर मागतो. ज्याला जन्माने ते काम चिकटले आहे, त्याला त्या कामाची थोरवी सांगणे ही क्रूर थट्टा आहे. विनोबा सुरगावहून परत पवनारला येऊ शकत होते. सुरगावच्या सफाई करणाऱ्याला मात्र परतायला दुसरे पवनार नव्हते. मराठी कवितेतही प्राजक्त आणि केवडा पिढ्यान्‌पिढ्या दरवळत राहिले. नालीचा वास नालीकाठी राहणाऱ्याच्या नाकाने कवितेत आला तो १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'मधून. पुष्कळांनी तेव्हा नाकाला रुमाल लावला. वास पुस्तकाचा नव्हता, हे कळायला वेळ लागला.

असो. टाकी भाच्यानेच साफ केली. आम्ही पाणी तापवून देण्यापुरते होतो. आधी सगळे पाणी सोडले. मग कढत, पण उकळते नव्हे (प्लॅस्टिक वाकते), अशा पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून टाकी अर्धी भरली आणि गाडी पवनारपर्यंत नेऊन आणली. रस्त्याने पाणी आपटत राहते आणि ब्रश पोचत नाही तिथला बुळबुळीत थर सुटतो. खराब रस्त्याचा इतका चांगला उपयोग आम्ही दुसरा पाहिला नाही. पवनारला धामच्या पुलावर गाडी क्षणभर थांबली. खाली नदी, शेजारी कोणी नाही, आणि टाकीचा खटका हाताशी. भाच्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही नदीकडे पाहिले. गाडी वळली.

ते सोड्याचे पाणी घरच्या संडासात थोडे थोडे करून ओतले, कारण आमची काळी माती आधीच पाणी सावकाश जिरवते आणि सोडा तिला आणखी आवळतो. दुसऱ्या फेरीला लिंबूसत्व घातले. ते घालण्याआधी टाकी पुरती धुतली होती, आणि ब्लीचिंग पावडर या सगळ्यात कुठेच नव्हती. आम्लाशी तिची गाठ पडली की क्लोरीन सुटतो. तिसऱ्या फेरीचे पाणी स्वच्छ निघाले.

त्यानंतर नियम एकच: ताट पाण्याखाली धरण्याआधी कोरडे पुसायचे. आमच्या आजीच्या घरी खरकटे वेगळे, तांदळाचे धोवण वेगळे. धोवण गाईला जाई आणि भांडी राखेने घासली जात. तिची मोरी उघडीच होती, तिला ट्रॅप नव्हता आणि तिला वासही नव्हता. परसात त्या मोरीच्या तोंडाशी कर्दळ असे. तशीच कर्दळ आम्ही अंगणात नालीच्या अलीकडे लावली आहे. सांडपाण्यात ती चांगली वाढते.

भाचा मागच्या आठवड्यात पुन्हा फिरून आला. वाटेत एका मुक्कामावर त्याने पाणी कुठे सोडायचे असे विचारले, तेव्हा तिथल्या माणसाने पाठीमागच्या ओढ्याकडे बोट दाखवले. त्याने टाकी तशीच आणली. कर्दळीच्या आळ्यात खटका ओढताना म्हणाला, "मामाजी, वास पाहा बरं." वास होता. कालच्या तुरीच्या वरणाचा, हिंगासकट ओळखू येईल इतका ताजा.