अणूला काही हवं नसतं

"सोडियमला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो, क्लोरिनला एक हवा असतो, दोघांचं अष्टक पूर्ण होतं आणि मीठ तयार होतं." धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी सांगितलं. मुलांना ते चटकन पटायचं, परीक्षेत गुणही मिळायचे, आणि रासायनिक बंध आपण उत्तम शिकवतो असं मला वाटायचं. पण अणूला काही हवं नसतं. त्याला काही हवं असतं ही समजूत मनात धरून माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या इथे मांडतो, कारण ते वाक्य आजही वर्गावर्गांत शिकवलं जातं.

पहिली चूक आकड्यांकडे न पाहण्याची. सोडियमच्या सुट्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला 496 किलोजूल ऊर्जा घालावी लागते. म्हणजे सोडियम तो खुशीने देत नाही, ओढून काढावा लागतो. क्लोरिनच्या अणूने तो घेतला की 349 किलोजूल परत मिळतात. हिशेब इथेच थांबवला तर 147 किलोजूलचा तोटा. तरीही मीठ बनतं, कारण धन आणि ऋण आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा आयन बसतात आणि त्या आकर्षणातून सुमारे 787 किलोजूल बाहेर पडतात. तोटा भरून निघतो तो इथे. आयनिक बंध म्हणजे हे आकर्षण. मी मात्र इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीलाच बंध म्हणत होतो आणि 'मिठाचा रेणू' असंही बिनदिक्कत बोलत होतो. मिठाच्या खड्यात एका सोडियमचा ठरलेला असा एक क्लोरिन नसतोच.

हे आकडे पुस्तकात होते. आयनीभवन ऊर्जा एका प्रकरणात आणि बंध दुसऱ्या प्रकरणात, म्हणून मी ती कधी एकत्र मांडलीच नाहीत.

दुसरी चूक जास्त सलते. धातुबंध शिकवताना मी सांगत होतो की सगळ्या धातूंत बाहेरचे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून धातू चमकतात आणि ठोकल्यावर पत्रा होतो. जळगावच्या सराफी घरातल्या एका मुलीने विचारलं, "सर, मंग सोनंच पिवळं काबर? चांदी तर पांढरी असते." मी ठोकून दिलं, "त्यात तांबं मिसळतात म्हणून." ती लगेच म्हणाली, "पण सर, चोवीस कॅरेटचं तर जास्तच पिवळं असतं." तिचं बरोबर होतं. दागिन्याच्या बावीस कॅरेट सोन्यात 91.6 टक्के सोनं असतं, आणि त्यातल्या तांब्याने रंग पिवळा होत नाही, लालसर होतो. तिने घरी दोन्ही पाहिलेली होती. मी 'हे अभ्यासक्रमात नाही' म्हणून तिला खाली बसवलं.

उत्तर मला पुढे वाचनातून मिळालं. सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे 58 टक्क्यांपर्यंत जातो. इतक्या वेगाला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू पडतात. त्यामुळे 6s कक्षक आकसतं आणि त्याची ऊर्जा खाली येते, तर 5d ची थोडी वर सरकते. दोघांमधलं अंतर एवढं कमी होतं की निळा प्रकाश शोषला जातो. उरलेला परत येतो तो पिवळा दिसतो. चांदीत हे अंतर मोठं असल्याने शोषण अतिनील भागात होतं आणि दिसणारा सगळा प्रकाश परत येतो. अणुकेंद्राभोवती गोल गोल वर्तुळं काढून इलेक्ट्रॉन ग्रहासारखे फिरवणाऱ्या माझ्या आकृतीतून हे कधीच सांगता आलं नसतं. इलेक्ट्रॉन असे ग्रहासारखे फिरत नाहीत हे दाखवणारं श्रोडिंगरचं समीकरण 1926 सालचं, म्हणजे माझी आकृती तेव्हाच जुनी झाली होती. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावातल्या मुलीला या नव्या विज्ञानात शिरायला सोन्याइतकं चांगलं दार दुसरं नव्हतं, आणि ते मी लावून घेतलं.

तिसऱ्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्याला बसला. यावल तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने केळीच्या बागेला ठिबकमधून खत सोडण्याआधी फोन केला. "दादा, कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 एकाच टाकीत कालवलं तर चालेल का?" मी म्हटलं, दोन्ही विद्राव्य खतं आहेत, आयनिक आहेत, पाण्यात विरघळणारच. टाकीत दुधासारखा पांढरा साका धरला, आणि तो जाऊन ड्रिपर बुजले. 12:61:00 मध्ये फॉस्फेट असतं. कॅल्शियमवर दोन प्रभार, फॉस्फेटवरही एकाहून जास्त. त्यांच्यातलं आकर्षण इतकं घट्ट की पाण्याच्या रेणूंना ते सोडवता येत नाही. नायट्रेटवर एकच प्रभार असल्याने ते सुटं राहतं. मिठाचा हिशेब मी नीट केला असता तर हे फोनवरच सांगता आलं असतं. भावाला सगळ्या नळ्यांना आम्लप्रक्रिया करावी लागली. तो मला काही बोलला नाही, पण त्याची मजुरी आणि पाण्याच्या पाळ्या माझ्या अर्धवट ज्ञानामुळे वाया गेल्या.

या तिन्ही ठिकाणी मी लक्षात ठेवायला सोपा असलेला नियम कारण म्हणून वापरला. अष्टकाचा नियम उपयोगी आहे. 1916 साली लुईस आणि कोसेल यांनी तो विचार मांडला तेव्हा शेकडो संयुगांची सूत्रं एका धाग्यात आली. पण 1962 साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग तयार केलं. अष्टक पूर्ण असलेला वायूसुद्धा, ऊर्जेचा हिशेब जमला, की बंध करतो.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. अष्टक जरूर शिकवा, पण त्याच तासाला 496, 349 आणि 787 हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि बेरीज-वजाबाकी मुलांकडून करून घ्या. एखाद्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, शोधून सांगतो' एवढं म्हणा. आणि शेतकरी भावांनो, कॅल्शियमचं खत फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतासोबत एका टाकीत कधीही कालवू नका. वेगवेगळ्या दिवशी सोडा.