चिनी पाडव्याचा गोड फराळ

आपला पाडवा यायला अजून महिना-दोन महिने असतात, बाहेर बर्फ असतो, आणि न्यू यॉर्कच्या चायनाटाऊनमध्ये नवे वर्ष लागते. तिथी बहुतेक वर्षी आपल्या पौष अमावास्येची; इंग्रजी तारीख २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मधली कुठलीही. शहराच्या शाळांना या दिवसाची सुट्टी २०१६ पासून मिळू लागली. (दिवाळीच्या सुट्टीला २०२४ उजाडले, हे जाता जाता.) फटाके बघायचे आणि पोटभर खायचे, एवढ्याच माफक हेतूने न्यू जर्सीतली आम्ही चार कुटुंबे एका वर्षी तिथे गेलो. जाणाऱ्यांना एकच सूचना: गाडी नेऊ नका. पाथने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरावे आणि वीसेक मिनिटे चालावे; पार्किंगच्या पैशांत दोघांचे जेवण होते.

कॅनाल स्ट्रीटच्या दक्षिणेला मॉट, बेयर्ड, पेल अशा अरुंद गल्ल्या आहेत. त्यातल्या एका बोळकांडीएवढ्या दुकानापुढे रांग दिसली. रांग दिसली की मराठी माणूस आधी उभा राहतो आणि मग चौकशी करतो, तसे आम्ही उभे राहिलो. आत काचेमागे तांबूस, तकतकीत, चौकोनी तुकडे रचून ठेवले होते. आम्हाला वाटले आंबापोळी! वासाने भ्रम गेला. ते मांस होते. गोड मांस.

याला फूच्यानकडच्या बोलीत, म्हणजे होक्किएनमध्ये, 'बाक्वा' म्हणतात. अर्थ सरळ, सुके मांस. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या प्रांतातून माणसे सिंगापूर-मलायात गेली, बरोबर बाक्वाही गेला, आणि तिथे कोळशावर भाजला जाऊ लागला. सिंगापूरमध्ये नववर्षाच्या आधी त्यासाठी तासन् तास रांगा लागतात. खिमा घ्यायचा, त्यात साखर, सोया सॉस, फिश सॉस, थोडे तांदळाचे मद्य आणि मसाला घालून मळायचा, ताटात पातळ पसरायचा, मंद आचेवर वाळवायचा, मग मध लावून भाजायचा. पद्धत खरोखरच आंबापोळीची. अमेरिकन जर्कीसारखे चामड दाताखाली येत नाही. हे मऊ असते. डुकराचे मूळचे, पण गाईचे आणि कोंबडीचेही मिळते. आमच्यातली निम्मी मंडळी शाकाहारी आणि उरलेल्यांत प्रत्येकाचे काही ना काही वर्ज्य, त्यामुळे 'चिकन' या शब्दावर एकमत झाले.

मांस वाळवणे आपल्याला नवीन नाही, फक्त ते आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत नसते. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून 'चान्या' करत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. एकदम मांस मिळायचे, मग कित्येक दिवस काहीच नाही. वाळवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिकडे फूच्यानच्या शेतकऱ्यालाही मांस सणासुदीलाच दिसे. चान्या नुसत्या सुकवायच्या, बाक्वात साखर. साखर काय, मीठ काय, दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि जंतूंना ते मिळू देत नाहीत. मुरांबा आणि लोणचे टिकते ते याच कारणाने.

आता मुद्द्याचे. आमच्यातल्या एक वहिनी आहारतज्ज्ञ आहेत. रांगेत उभ्या उभ्याच त्यांनी हिशेब मांडला. (त्यांच्याबरोबर जेवायला जाणे हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) घरगुती कृतीत अर्धा किलो खिम्याला साधारण १०० ग्रॅम साखर पडते. पाणी उडून तयार माल चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम, सहा चमचे साखर. ऐकून आमच्यातल्या काहींचे चेहरे उतरले. पण वहिनींनी लगेच विचारले, बेसनाच्या लाडवात किती असते? वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्तच! शिवाय बाक्वात प्रथिने वीस-बावीस ग्रॅम, म्हणजे साखरेच्या बाबतीत लाडूच जास्त गुन्हेगार ठरला. बाक्वाची खोडी वेगळीच आहे. सोया आणि फिश सॉसमुळे त्याच १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅमच्या घरात सोडियम येते. दिवसाची शिफारस केलेली मर्यादा २३०० ची. आणि गोडव्यामुळे ते खारट लागतच नाही. खारे दाणे खाताना हात कधीतरी थांबतो. इथे थांबत नाही.

दुसरी गोष्ट, हे 'प्रक्रिया केलेले मांस'. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा मांसाचा कर्करोगकारक पदार्थांत समावेश केला: रोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. वहिनींनी त्यातल्या 'रोज' या शब्दावर बोट ठेवले. पूर्वी वर्षातून आठ दिवस खाल्ला जाणारा हा पदार्थ या दुकानात बाराही महिने मिळतो. आमची अवस्था तरी कुठे निराळी? एडिसनच्या ओक ट्री रोडवर जूनमध्येही चकली, शंकरपाळी मिळते, आणि आपण ती चहाबरोबर खातो. आमच्या आठ मोठ्या माणसांपैकी तिघे मधुमेहाच्या गोळ्या घेतात. तिघांपैकी कोणीही लठ्ठ नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली, ती उगाच नाही. कॅनाल स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंच्या चिनी मंडळींना आणि आपल्याला ती सारखीच लागू आहे. गोळ्या घेणाऱ्यांपैकी एका भावजींनी तिथल्या तिथे विचारले, "म्हणजे मी खाऊ की नको?" वहिनी म्हणाल्या, "खा. पण ते लाडवाच्या ऐवजी, लाडवानंतर नाही." भावजी नंतर बराच वेळ गप्प होते, कारण डबा भरून लाडू आम्हीच बरोबर आणले होते.

पाव पाऊंड घेतले. मालकीणबाईंनी कात्रीने कराकरा कापून कागदी पिशवीत भरून दिले. खाणारे चौघे, म्हणजे माणशी अठ्ठावीस ग्रॅम, सात ग्रॅम साखर. सुट्या मालावर लेबल नसते, तेव्हा हा हिशेब आपला आपणच करायचा. वाळवलेले म्हणून बाहेर ठेवू नका. भाजलेला, मऊ माल आहे, फ्रीजच बरा.

सिंगापूरमार्गे येणाऱ्या नातेवाइकांना मात्र आणायला सांगू नका. तिथले मांस प्रवाशांना या देशात आणता येत नाही. बॅगेत असेल तर विमानतळावर सांगून टाकावे. माल जातो, दंड वाचतो. इथे जो मिळतो तो इथेच केलेला. चवीत फरक आहे असे सिंगापुरात राहून आलेले आमच्यातले एकजण सांगत होते, पण ते पुण्याच्या बाकरवडीबद्दलही तसेच सांगतात.