नाणेघाटाची जकात

शहापूरच्या माहुलीचे सुळके मागे टाकून आम्ही किन्हवलीमार्गे सरळगावला आलो, आणि मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढू लागलो. सोबतीला भाचा. पवईच्या आयआयटीत प्रकाशशास्त्राचे संशोधन करतो, आणि आता म्हणे कारखाना काढणार! ताईच्या जिवाला घोर.

"अरे, मास्तरांना बाजार जमतो का कधी?" मी धापा टाकीत विचारले.

"पवईतच जमलाय, मामा!" सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग कोरून काढायचा, की केसाहून बारीक अवयवांची यंत्रे घडतात, असे त्याने समजावले. अशाच सूक्ष्म संवेदकांवर आयआयटीच्या छायेत 'नॅनोस्निफ' ही कंपनी उभी राहिली. स्फोटकांचा लवलेश १० सेकंदांच्या आत ओळखणारे तिचे यंत्र २०२१ साली बाजारात आले. संशोधनाला कैक वर्षे लागली, आणि विक्रीसाठी 'विहान्त' या दुसऱ्या कंपनीचा हात धरावा लागला.

माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडेसुद्धा कातळात कोरलेले! जवळच दगडी रांजण. जकातीची नाणी यात पडत, असे सांगतात.

भाचा रांजणात डोकावला. "रिकामाच की!"

"बाबा रे, वर जुन्नरची पेठ, खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरे. दोन्ही होतीच, पण मधला कातळ कुणीतरी आधी फोडला, जकात मागाहून आली. तुझी किती वर्षे कातळ फोडायची तयारी आहे?"

"पाच तरी."

ताईला तेवढीच मुदत मागायचे मी कबूल केले.