पोपटाची बोली

विनोदी गेम लिहायचा म्हणजे दिवसाचा मोठा भाग 'नाही' म्हणण्यात जातो. पॉइंट-अँड-क्लिक अ‍ॅडव्हेंचर प्रकारात खेळणारा पडद्यावर दिसेल त्यावर टिचकी मारत फिरतो: कुलूप, रांजण, झोपलेला पहारेकरी. हाताला लागेल ते झोळीत टाकतो आणि अडला की झोळीतली वस्तू जिथेतिथे लावून बघतो. २० वस्तू आणि ४० जागा धरल्या तरी ८०० जोड्या होतात. त्यातल्या कामाच्या थोड्याच, बाकी सगळ्यांना गेमने काहीतरी उत्तर द्यायचं असतं. 'हे जमणार नाही' एवढं एकच वाक्य सगळीकडे चिकटवलेले गेम पुष्कळ आहेत, आणि ते खेळताना जीव विटतो. या प्रकारातला लेखक ओळखावा तो त्याच्या नकारांवरून, असं मला मनापासून वाटतं.

आमचा गेम राजाराणीच्या गोष्टींची थट्टा करतो. नायक नावडतीचा धाकटा मुलगा. राक्षसाच्या किल्ल्यातून राजकन्या सोडवायची आहे आणि राक्षसाचा जीव रीतीप्रमाणे पोपटात आहे. फक्त सात समुद्रांच्या ऐवजी वाटेत पिंपळगाव बसवंतचा टोलनाका आणि मार्केट लागतं. चित्रं माझा मावसभाऊ नाशिकला बसून काढतो. कोडी, संवाद आणि नकार माझ्याकडे. मी इथलीच. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला, ऑगस्टपासून टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअप जिथे रांगेने उभ्या राहतात, त्या गावची. राक्षसाची गोष्ट इथे आणून बसवली ती गंमत म्हणून नाही. मला दुसरीकडचं मार्केट लिहिताच आलं नसतं.

टोलनाका सुचला तो मात्र तमाशातल्या गवळणीवरून. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दह्या-दुधातला वाटा मागतात आणि गौळणींबरोबरची मावशी थेट देवालाच फैलावर घेते. देवाची पार रेवडी उडते, पण तो देव आहे याबद्दल मावशीसकट कुणालाच शंका नसते. म्हणून हसू येतं. 'गाढवाचं लग्न' या वगातही तेच आहे. दादू इंदुरीकरांनी गाजवलेला हा वग. इंद्राच्या दरबारातला गंधर्व शापाने गाढव होऊन सावळ्या कुंभाराच्या दारात येतो. शाप खरा, गाढव खरं आणि कुंभाराची पंचाईतही खरी. 'हे सगळं खोटंच आहे बरं का' असा डोळा कुणी प्रेक्षकांकडे बघून मिचकावला असता, तर वग तिथेच पडला असता. जुन्या गोष्टीची थट्टा करायची तर त्या गोष्टीचे कायदे तिच्या भक्तापेक्षा कडक पाळावे लागतात. मी या कामात धरून बसलेली एकच गोष्ट ती ही.

परदेशातले अ‍ॅडव्हेंचर गेम लिहिणारे चांगले लोकही हेच करत आले. १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट'ने परीकथा सरळ घेतल्या, आणि त्यात पाय घसरला की खेळणारा मेलाच. १९९० च्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'ने चाच्यांच्या गोष्टीची थट्टा केली. त्यातली तलवारबाजी जिंकायची ती टोमण्याला तोडीस तोड टोमणा देऊन. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या माणसाला ती लढाई समजावून सांगावी लागत नाही. आणि १९९३ च्या 'सायमन द सॉर्सरर'मध्ये जादूगार, राक्षस, दलदल सगळं आहे. त्यात लाकूड पोखरणारे किडेसुद्धा बोलतात आणि त्यांना महॉगनीच हवं असतं. हे किडे मला फार आवडतात. त्यांची हौस इतकी खरी आहे, की महॉगनी शोधायला निघताना आपण कोडं सोडवतोय हे विसरायला होतं.

आमच्या गेमचं मधलं मोठं कोडं पोपटाचं. राक्षसाने आपला जीव कुठे ठेवावा? किल्ल्यात ठेवला तर कुठला ना कुठला राजपुत्र येऊन मान मुरगळणार. म्हणून त्याने पोपट ठेवला कांद्याच्या लिलावात. पोपट कानावर पडलेला शेवटचा आकडा परत बोलतो. त्यामुळे व्यापाऱ्याने बोली केली की पोपट तोच आकडा पुकारतो, आणखी कुणीतरी बोलतंय असं समजून पुकारा थांबत नाही आणि नावडतीची ट्रॉली सकाळपासून जागची हलत नाही. खेळणाऱ्याने करायचं ते असं: पोपटाला पिंजऱ्यासकट नावडतीपुढे नेऊन ठेवायचं. ती तिच्या लग्नाच्या वर्षी कांद्याला मिळालेला भाव सांगितल्याशिवाय कुणाला सोडत नाही. तो आकडा पोपटाच्या डोक्यात बसला की त्याला परत लिलावात आणायचं. पोपट एवढी चढी बोली करतो की पुढे कुणी जातच नाही. ट्रॉली पोपटाच्या नावावर सुटते.

सासऱ्यांना मी हे लॅपटॉपवर खेळायला दिलं तेव्हा ते इथवर आले आणि थांबले.

"पोरी, ह्या पोपटाकडं लायसन आहे का?"

"आप्पा, तो पोपट आहे."

"असंल. पण बोली कुणाच्या नावावर चढवायची? हिशेबपट्टी कुणाच्या नावानं फाडायची? लायसन नसंल त्याला लिलावात उभं करत नाहीत."

कांदा विकण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याचा हा आक्षेप, आणि त्याने कोडं एकदम उभं राहिलं. आता पोपट एका लायसनवाल्या व्यापाऱ्याच्या खांद्यावर बसतो. राक्षसाने तो त्याच्याकडे विश्वासाने सांभाळायला दिला आहे, कारण या माणसाकडे ठेवलेली वस्तू कधी हरवत नाही. पोपटाची बोली व्यापाऱ्याच्या नावावर चढते. ट्रॉली त्याच्या खळ्यावर खाली होते, वजन होतं, पट्टी निघते आणि एवढे पैसे बघून व्यापारी पोपट बांधून ठेवतो: मालकाने येऊन चुकते करावेत. जीव अडकलेला, त्यामुळे राक्षसाला किल्ला सोडून स्वतः यावं लागतं, तेही रोख घेऊन. किल्ला रिकामा. राजपुत्र आत. राक्षसाच्या जिवाचा नियम मोडला नाही, मार्केटचाही मोडला नाही. दोन्ही नियम पुरते पाळले आणि त्यातूनच ही फजिती झाली. मला हवा होता तो विनोद हाच.

नकार लिहिताना हेच सांभाळते. प्रत्येक नकाराने हसवलं पाहिजे आणि हसवता हसवता बोटही दाखवलं पाहिजे. तलवार पोपटावर लावून बघितली तर राजपुत्र म्हणतो, "मारला तर राक्षस जाईल. मग ट्रॉलीचे पैसे कोण देणार?" ऐकणारा हसतो, आणि पोपटाकडून पैसे वसूल होऊ शकतात ही गोष्ट त्याच्या डोक्यात राहते. तलवार कांद्यावर लावली तर, "रडायचं राक्षस मेल्यावर ठरलंय." हा नुसता विनोद आहे, त्यात खूण काही नाही, अशी वाक्यं मी कमीच ठेवते, कारण अडलेल्या माणसाला नुसत्या विनोदाचा राग येतो.

देवनागरी पडद्यावर आणणं ही वेगळीच मेहनत. अक्षरांची जुळणी न कळणाऱ्या इंजिनात पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. 'किल्ला' वाचता येत नसेल तर त्यावरचा विनोद कुठून पोचणार? २०२३ मध्ये आलेल्या गोडो या गेम इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत ही जुळणी नीट होते, म्हणून आम्ही तिकडे गेलो.

सध्या वेताळाचं कोडं लिहिते आहे. वेताळ मला 'चांदोबा'तून मिळाला; १९५२ पासून मराठीत निघालेल्या त्या मासिकाने मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्यावरही विक्रम राजाला झाडाकडे पाठवणं थांबवलं नाही. वेताळाची अट गेम लिहिणाऱ्याला हेवा वाटावा अशी आहे. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील आणि बोललास तर मी परत झाडावर. कथासरित्सागरातल्या शेवटच्या गोष्टीत मायलेकींपैकी मुलीचं लग्न दुसऱ्याच बापलेकांपैकी बापाशी आणि आईचं त्याच्या मुलाशी लागतं, आणि त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय, असं वेताळ विचारतो. राजाला खरोखरच सांगता येत नाही. तो गप्प चालत राहतो आणि तिथेच जिंकतो.

आता हे टिचकीने कसं खेळायचं? पडद्यावर चार उत्तरं येतात, चारही पटण्यासारखी, आणि कुठल्याही उत्तरावर वेताळ उडतो. मावसभाऊ म्हणाला, घड्याळ लाव, ठरावीक वेळ कुणी काही दाबलं नाही की जिंकला. मला ते मान्य नाही. चहा टाकायला उठलेला माणूस जिंकेल, आणि तो काही विक्रमाचा धीर नव्हे. त्यापेक्षा उत्तरं पडद्यावर असतानाही पुढची वाट टिचकीसाठी उघडी ठेवली आहे. उत्तरांकडे दुर्लक्ष करून जो वाटेवर टिचकी मारतो, तो राजासारखा चालू लागतो. प्रत्येक पावलाला वेताळ काही ना काही बोलतो आणि ती वाक्यं लिहायचं काम आत्ता टेबलावर आहे. आधी तो लाडीगोडी लावतो, मग राजाच्या खानदानावर घसरतो, आणि कुणीच तोंड उघडत नाही म्हटल्यावर स्वतःच उत्तर सांगायला लागतो. ते उत्तर बरोबर असावं की चूक, यावर आम्हा दोघांचं अजून जमलेलं नाही.