तुतारीचा श्वास

रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावात भात झोडपून झालं की तंबूचा सिनेमा यायचा. गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. कापलेल्या भाताची धसकटं अजून पायाला टोचायची, त्याच शेतात बांबू रोवले जायचे, कनाती बांधल्या जायच्या. दुपारी भोंगा लावलेली बैलगाडी गावोगाव फिरून यायची. रात्री आम्ही पोरं सगळ्यांत पुढे, गोणपाटावर. मागे प्रोजेक्टरची खडखड आणि पडद्याशेजारी बांबूला बांधलेला एकुलता एक कर्णा. त्या कर्ण्यातून मी भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' पहिल्यांदा ऐकला. पाहिला असं म्हणवत नाही, कारण प्रिंट इतकी झिजलेली होती की पडद्यावर सारखा पाऊस पडत होता.

ऐकला मात्र जीव ओतून. मावळे निघाले, ताशा कडाडला आणि मग क्षणभर सगळं थांबलं. तंबूत कुणी खोकलंसुद्धा नाही. तेवढ्यात तुतारी वाजली. माझ्या हातावर काटा उभा राहिला तो मी चिमणीच्या उजेडात घरी जाईपर्यंत चाचपून पाहत होतो.

वडील म्हणाले, "संगीतकाराचं नाव वाचलंस का? आनंदघन. म्हणजे आपली लता." मला खरं वाटेना. 1963 च्या 'मोहित्यांची मंजुळा'ला आणि 1964 च्या या चित्रपटाला लताबाईंनी याच टोपणनावाने संगीत दिलं होतं. पुढे 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन कोण हे जगजाहीर झालं. त्याआधी, 1952 मध्ये, भालजींच्याच 'छत्रपती शिवाजी'ला सी. रामचंद्रांचं संगीत होतं. आमच्या पिढीच्या कानांत शौर्याचा आवाज घातला तो या माणसांनी.

तो आवाज तयार कसा व्हायचा, हे मला नोकरीनिमित्त मुंबईला गेल्यावर कळलं. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, परळचं राजकमल, हे तिथले स्टुडिओ. पार्श्वसंगीताच्या दिवशी समोरच्या पडद्यावर रीळ चालायचं आणि सगळा ताफा एकाच हॉलमध्ये बसून त्याच्याबरोबर वाजवायचा. व्हायोलिनची रांग, चेलो, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, आणि बाजूला आपली ढोलकी नि संबळ. शेवटच्या चार मात्रांत एकाचं बोट घसरलं तरी टेक पहिल्यापासून. चाल हार्मोनियमवर सुचायची, पण एवढ्या वाद्यांना ती वाटून देणारा अरेंजर वेगळा असायचा, आणि तो बहुतेकदा गोव्याचा. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी शिकून आलेली ही माणसं. त्यातले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने त्यांचं नाव एका गाण्यात गुंफलं आणि देशभर पोचवलं. बाकीच्या शेकडो वादकांची नावं मात्र श्रेयनामावलीतसुद्धा आली नाहीत. याची खंत मला आजही वाटते.

आता माझा नातू गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर लॅपटॉप उघडून बसतो. शेजारी हातभर लांबीचा कीबोर्ड. त्या दोन वस्तूंत अख्खा वाद्यवृंद असतो. एकेका वाद्याचा एकेक सूर कुठल्याशा मोठ्या हॉलमध्ये आधीच टिपून ठेवलेला. पट्टी दाबली की साठ व्हायोलिनं वाजतात. ताडदेवला ज्या कामाला दिवस जायचा, ते हा चहा निवेपर्यंत करतो. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. तंबूच्या कर्ण्यातून चेलो कधी ऐकूच आला नाही. आज दिव्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीत कानात इअरफोन घालून बसलो, की चेलोच्या तारेवरून गज फिरतानाची खरखरही ऐकू येते. आणि मराठी सिनेमा आता कुठवर पोचला! अजय-अतुल यांनी 2016 च्या 'सैराट'साठी थेट लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, जिवंत सिंफनी ऑर्केस्ट्राकडून संगीत वाजवून घेतलं. ते ऐकताना माझा ऊर भरून आला होता.

गेल्या आठवड्यात नातू अवचितगडावर जाऊन आला. तिथे काढलेल्या व्हिडिओला त्याने संगीत केलं.

"आजोबा, ऐका ना. एकदम हॉलिवूडसारखं झालंय."

खरंच झालं होतं. खाली नगारे, वर फ्रेंच हॉर्न. मी त्याला विचारलं, हॉर्नच का घेतलास? म्हणाला, सगळे वीरश्रीला तेच वापरतात. मग मी त्याला ओटीवर बसवून त्यामागचं कारण सांगितलं. युरोपात शिंग वाजायचं ते शिकारीत आणि लढाईत, म्हणून 1938 च्या 'रॉबिन हूड'सारख्या साहसी सिनेमाला कोर्नगोल्डने संगीत दिलं ते पितळी वाद्यांच्या जोरावर. 1977 मध्ये जॉन विल्यम्स यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन 'स्टार वॉर्स' केला. त्याच्या मुख्य धुनेतले पहिले दोन ठासून वाजणारे सूर म्हणजे षड्जावरून पंचमावर झेप. आता आपली तुतारी बघ. तिला भोकं नाहीत, कळा नाहीत. वाजवणाऱ्याचे ओठ आणि छाती, एवढ्यावर तिचे मोजके सूर निघतात, आणि षड्ज-पंचमाची झेप तिला जन्मजातच येते. त्यांचं शिंग नि आपली तुतारी, नातं एकच.

"दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते," मी म्हणालो, "पोलिसांची मानवंदना होते, खालूबाजा वाजतो, तेव्हा सनईवाल्याचे गाल पाहिलेस का कधी?"

"फुगलेले असतात."

"मग तुझा हॉर्नवाला श्वास कधी घेतो?"

त्याने पुन्हा लावून ऐकलं. हॉर्नचा एक सूर पाऊण मिनिट अखंड चालला होता. पट्टी दाबून ठेवली की सूर चालूच राहतो, यंत्राला दम लागत नाही. त्याने मोजलं, स्वतः श्वास रोखून पाहिला, आणि काही न बोलता कामाला लागला.

हल्लीच्या ऐतिहासिक चित्रपटांत मला हेच जाणवतं. पहिल्या दृश्यापासून शेवटच्यापर्यंत नगारे थांबत नाहीत. पूर्वी पैसा कमी, वादक मोजके, फिल्म महाग, म्हणून संगीत जपून वापरलं जायचं. त्या काटकसरीतून शांतता मिळायची आणि त्या शांततेत प्रेक्षक स्वतः दम धरायचा. तुतारी वाजवणाऱ्याने छाती भरून घेतली, की तंबूतली दोन-तीनशे माणसंही छाती भरून घ्यायची. कर्णा फाटका होता, पण आमचा श्वास त्याला जोडलेला होता. आजच्या सोयी मला हव्याच आहेत. त्यांच्यात शांततेची ही एक जागा राखली, तर त्या काळाचं सगळं मोल जपलं जाईल.

संध्याकाळी नातवाने पुन्हा हाक मारली. आता हॉर्न दहा सेकंदांनी थांबत होता. गडाच्या दरवाजातून कॅमेरा आत शिरण्याआधी त्याने सगळंच थांबवलं होतं, नगारेसुद्धा. त्या रिकाम्या जागेत पायाखाली मोडलेल्या एका काटकीचा आवाज आला.

मी हातावरची बाही वर केली आणि त्याला दाखवली. काटा आला होता.